व्हीएमच्या आत जागा रिकामी, पण होस्टवर डिस्क फाइल फुगलेलीच: जागा परत कशी घ्यायची आणि काय अजिबात करायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा होता. लिनक्स होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, केव्हीएमची एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहे, तिची क्यूकाउ२ डिस्क, म्हणजे होस्टवरची एक इमेज फाइल, २०० जीबीची. आत जुने डेटाबेस डंप आणि लॉग साठले होते ते उडवले, आता आत 'डीएफ' मारलं की जेमतेम ३८ जीबी वापरात दिसतं. पण होस्टवर त्याच इमेजने १७१ जीबी धरून ठेवलेत आणि होस्टवर शिल्लक राहिलेत २६ जीबी. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्ये, 'डीडी'ने शून्यं भरलेली मोठी फाइल बनवायची, ती उडवायची आणि मग इमेज कन्व्हर्ट करायची असं वाचलंय, तर ते करू का?

नका करू. हे सगळ्यात आधी लिहितोय कारण बाकीचं वाचायच्या आधीच कुणी ती कमांड मारून बसू नये. हिशोब बघा ना. शून्यं भरताना गेस्ट सगळ्या रिकाम्या ब्लॉकवर लिहिणार, म्हणजे ज्या ब्लॉकला आजवर कधी हातसुद्धा लागला नव्हता तेपण इमेजमध्ये जागा घेणार, आणि १७१ची फाइल २००च्या आसपास जाणार. लागणार २९, तुमच्याकडे आहेत २६. होस्टची डिस्क भरली की ही एकटी व्हीएम नाही, त्या डिस्कवर जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्या अडकतात. समजा त्यातून कसेबसे वाचलात, तरी पुढे कन्व्हर्ट करायला नवी फाइल लागते, तिला अजून ४० जीबी हवेत, ते कुठून आणणार?

तुमच्या केसमध्ये, बॅकअप सोडला तर, जादा डिस्क न लावता काम होतं, आणि बहुतेक वेळा व्हीएम फक्त एकदा बंद करून चालू करावी लागते. पण त्यासाठी आधी हे नेमकं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की कुठली कमांड कधी मारायची हे पाठ करावं लागत नाही.

गेस्टमध्ये फाइल डिलीट केली की गेस्टची फाइलसिस्टिम फक्त स्वतःच्या नोंदीत लिहिते की हे ब्लॉक आता मोकळे झाले. डेटा तिथेच पडून राहतो. होस्टला यातलं काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने क्यूकाउ२ म्हणजे क्लस्टर, डीफॉल्टला ६४ केबीचा एक, आणि क्लस्टरवर एकदा लिहिलं गेलं की तो घेतला गेला, संपलं. त्यात रोज डंप घेणारी व्हीएम असेल तर फाइलसिस्टिम दरवेळी जुन्याच जागी लिहील असं काही नाही, ती नवी जागापण पकडते, त्यामुळे आत कधीच ६० जीबीच्या वर न गेलेली डिस्क बाहेर दोनशेला टेकलेली मी कित्येकदा बघितलीये. म्हणजे मूळ दुखणं एकच आहे, कुठले ब्लॉक मोकळे आहेत हे गेस्टला माहितीये आणि होस्टला माहीत नाही. ही माहिती बाहेर पोचवायचे दोनच रस्ते. एक म्हणजे डिस्कार्ड, ज्याला ट्रिम किंवा अनमॅप पण म्हणतात, त्यात गेस्ट सरळ सांगतो की हे ब्लॉक मला नकोत. दुसरा म्हणजे मोकळ्या ब्लॉकवर शून्यं लिहून ठेवायची आणि नंतर एखाद्या टूलने ती ओळखून गाळायची. पहिला रस्ता मिळत असेल तर दुसऱ्याकडे वळायचंच कशाला.

आता हात लावायच्या आधी बघायच्या गोष्टी. यातलीच एखादी सुटते आणि मग माणूस म्हणतो की ट्रिम मारलं तरी एक जीबी सुटली नाही.

पहिलं स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. 'क्यूएमू-आयएमजी इन्फो' (क्यूएमू म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) मारून इमेजमध्ये अंतर्गत स्नॅपशॉट आहेत का बघा. असतील तर त्या दिवशीचा सगळा डेटा स्नॅपशॉटने धरून ठेवलाय, तुम्ही आत काहीही उडवा, ते क्लस्टर मोकळे होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत, स्नॅपशॉटचं कामच ते आहे. चालू व्हीएमवर हीच कमांड मारली तर लॉकची एरर येते, क्यूएमू २.१० पासून हे लॉकिंग आहे आणि ते तुमच्या भल्यासाठी आहे. नुसती माहिती वाचायची असेल तर मोठा यू हा ऑप्शन लावून वाचा. पण तोच ऑप्शन लावून चालू व्हीएमची इमेज कन्व्हर्ट किंवा कॉपी करू नका, कॉपी सुरू असताना खालचा डेटा बदलत असतो आणि जी फाइल हाताला लागते ती धड सकाळची नसते धड संध्याकाळची नसते.

दुसरं बॅकिंग फाइल. त्याच इन्फोमध्ये बॅकिंग फाइलची ओळ दिसली तर तुमची डिस्क म्हणजे एका जुन्या बेसवर चढवलेला थर आहे. बाहेरून घेतलेला स्नॅपशॉट असाच दिसतो. बॅकअपवाली बरीच सॉफ्टवेअर असा थर तात्पुरता लावतात आणि काम फसलं की तो तसाच राहून जातो. अशा वेळी ट्रिम मारलं तर ते वरच्या थराला लागतं, खालचा बेस होता तेवढाच राहतो. आधी 'विर्श ब्लॉककमिट' (विर्श ही लिबव्हर्टची, म्हणजे व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची कमांड) ॲक्टिव्ह आणि पिव्हट लावून चालवा, थर बेसमध्ये जिरवा आणि मग पुढचं. एकाच बेसवर चार-पाच व्हीएमचे थर असतील तर त्या बेसला बोटसुद्धा लावू नका, ना ट्रिम, ना माउंट, ना काही. बेस जरा जरी बदलला तरी वरचे सगळे थर चुकीच्या पायावर उभे राहतात आणि ते लगेच कळत नाही, आठवड्याने फाइलसिस्टिमच्या एरर यायला लागतात.

तिसरं बॅकअप, आणि इथे मी खरंच हात जोडून सांगतो. तुमच्याकडे इमेजची एकच प्रत असेल तर आज काही करू नका. दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या डिस्कवर व्हीएम बंद करून कॉपी घ्या, 'आरसिंक'ला स्पार्स ऑप्शन लावून, आणि ती कॉपी एकदा नेटवर्क काढून बूट करून बघा. बूट करून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. ट्रिम तसं भरवशाचं आहे, मी वर्षानुवर्षं वापरतोय, पण गेस्टची फाइलसिस्टिम आधीच कुठेतरी बिघडलेली असेल तर तिच्या लेखी मोकळा असलेला ब्लॉक प्रत्यक्षात वापरात असू शकतो, आणि डिस्कार्ड झालेला ब्लॉक परत येत नाही. म्हणून कर्नलच्या लॉगमध्ये फाइलसिस्टिमच्या एरर दिसत असतील तर आधी 'एफएससीके' (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड), नंतर बाकी सगळं.

मग गेस्टच्या आतली साफसफाई. तुम्ही डंप उडवलेत ते झालं, पण बघा, 'जर्नलसीटीएल'ला व्हॅक्यूम साइझ देऊन जुने जर्नल काढता येतात, पॅकेज मॅनेजरचा कॅश असतो, जुनी कर्नल असतात, डॉकर असेल तर न वापरलेल्या इमेजेस कितीतरी जीबी खातात. डॉकरचं प्रून करताना व्हॉल्यूमचा ऑप्शन विचार करूनच लावा, कंटेनर बंद आहे म्हणून त्याचा डेटा नकोय असं नसतं. आणि अजून एक, फाइल उडवली पण कुठल्या तरी प्रोसेसने ती उघडी धरून ठेवली असेल तर जागा सुटत नाही, 'एलएसओएफ' ला प्लस मोठा एल आणि १ लावून बघा, तिथे डिलीटेड म्हणून दिसतील. लॉग उडवले आणि सर्व्हिस रीस्टार्टच केली नाही, हे फार कॉमन आहे.

आता मुख्य काम. गेस्टकडून डिस्कार्ड निघून इमेज फाइलपर्यंत पोचतं का ते बघायचं. गेस्टमध्ये 'एलएसबीएलके' मोठा डी लावून मारा. डिस्कार्ड ग्रॅन्युलॅरिटी आणि डिस्कार्ड मॅक्स या दोन कॉलममध्ये शून्य दिसलं तर रस्ता बंद आहे, 'एफएसट्रिम' (गेस्टमधून ट्रिम पाठवणारी कमांड) मारलंत तरी ऑपरेशन सपोर्टेड नाही म्हणून परत येईल. रस्ता उघडायला लिबव्हर्टमध्ये व्हीएमची एक्सएमएल 'विर्श एडिट'ने उघडा, त्या डिस्कच्या ड्रायव्हरच्या ओळीत डिस्कार्डची व्हॅल्यू अनमॅप अशी टाका. डिस्क व्हर्टआयओ-स्कझीवर (व्हीएमला डिस्क जोडायचा एक प्रकार) असेल तर हे कधीपासूनच चालतं. साध्या व्हर्टआयओ-ब्लॉकवर असेल तर होस्टला क्यूएमू ४.० किंवा पुढचं आणि गेस्टला लिनक्स कर्नल ५.० किंवा पुढचं लागतं, त्याच्या आधीच्यावर व्हर्टआयओ-ब्लॉकला डिस्कार्ड कळतच नाही. प्रॉक्समॉक्सवर असाल तर डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डची टिक आहे तीच ही, शेजारी एसएसडी इम्युलेशनची टिक असते ती यासाठी लागत नाही.

आणि इथे हमखास फसायला होतं ते म्हणजे सेटिंग बदलून आतून रीबूट मारतात. रीबूटने क्यूएमूची प्रोसेस तीच राहते, नवी सेटिंग लागूच होत नाही. व्हीएम पूर्ण शटडाउन करा, 'विर्श लिस्ट'मध्ये ती चालू यादीतून गेली हे डोळ्याने बघा, आणि मग स्टार्ट करा. बॅकअपचा वेळ सोडला तर तुमचा डाउनटाइम तेवढाच.

वर आल्यावर परत 'एलएसबीएलके' मोठा डी, आता कॉलममध्ये आकडे दिसायला हवेत. दिसले की 'एफएसट्रिम' ला ए आणि व्ही लावून मारा, दुसऱ्या खिडकीत होस्टवर 'वॉच' लावून 'डीयू -एच'ने इमेज बघत बसा. १७१ वरून आकडा टप्प्याटप्प्याने उतरताना दिसतो, कधी काही सेकंदात तर कधी स्टोरेज हळू असेल तर बराच वेळ घेऊन. शेवटी बरोबर ३८वर थांबणार नाही, थोडा वर थांबेल, कारण ६४ केबीच्या क्लस्टरमध्ये ४ केबीचा एक ब्लॉक जरी वापरात असला तरी अख्खा क्लस्टर राहतो. चाळीस-पंचेचाळीसवर आलात की झालं, त्याच्या खाली आणायच्या मागे लागू नका.

एफएसट्रिम जो आकडा छापतं त्यावर फार विसंबू नका. तो आकडा म्हणजे किती ब्लॉकसाठी डिस्कार्ड पाठवलं, किती जागा सुटली ते नव्हे. ईएक्सटी४ वर लगेच दुसऱ्यांदा मारलंत तर जवळजवळ शून्य दाखवेल, कारण कुठल्या ग्रुपवर ट्रिम झालंय ते ती माउंट असेपर्यंत लक्षात ठेवते, आणि एक्सएफएसवर दरवेळी अख्खी मोकळी जागा छापली जाते. दोन्ही बरोबरच आहेत. खरं काय ते होस्टवरचं डीयू सांगतं.

ट्रिम मारलं, एरर पण नाही, तरी होस्टवर काही हलत नाही असं झालं तर मधल्या थरांकडे बघा. गेस्टमध्ये डिस्क एन्क्रिप्ट असेल, लक्सने, तर तो थर डीफॉल्टला डिस्कार्ड खाली सोडत नाही, 'क्रिप्टटॅब'मध्ये डिस्कार्ड लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की डिस्कचा किती आणि कुठला भाग वापरात आहे हे बाहेरून दिसायला लागतं, तेवढं तुम्हाला चालणार असेल तरच लिहा. एलव्हीएम, म्हणजे डिस्कचे लॉजिकल व्हॉल्यूम पाडणारा थर, एफएसट्रिमच्या आड येत नाही. त्याच्या कॉन्फिगमध्ये इश्यू डिस्कार्ड्स नावाची सेटिंग आहे ती लॉजिकल व्हॉल्यूम काढताना किंवा छोटा करताना लागते, लोक उगाच तिच्या मागे लागतात. होस्टच्या बाजूला इमेज ज्या फाइलसिस्टिमवर आहे तिला फाइलमध्ये भोक पाडता यायला हवं, ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस सगळ्यांना येतं. एनएफएसवर असेल तर ४.२ व्हर्जन लागतं. आणि होस्टवरच झेडएफएस किंवा बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट घेतलेला असेल तर इमेज छोटी दिसेल पण पूलमध्ये जागा परत येणार नाही, तो स्नॅपशॉट जाईपर्यंत. माझा एकदा अर्धा दिवस या एका गोष्टीत गेला, क्यूएमू तपासलं, ड्रायव्हर तपासला, आणि खाली रोज रात्री आपोआप स्नॅपशॉट निघत होता.

अजून एक गोंधळ. ट्रिम झाल्यावर 'एलएस -एल' मारलं की फाइल अजूनही १७१च दिसते, आणि लोक घाबरतात. एलएस फाइलची लांबी सांगतं, डीयू सांगतं डिस्कवर खरंच किती जागा धरलीये. मधे भोकं पडलीत, लांबी तीच आहे. पण हीच फाइल 'एससीपी'ने पाठवलीत तर भोकांच्या जागी शून्यं भरून पलीकडे पूर्ण १७१ जीबी उतरतात. म्हणून 'आरसिंक'ला स्पार्स लावा, 'सीपी'ला स्पार्स ऑल्वेज, 'टार'ला मोठा एस. नाहीतर इथे वाचवलेली जागा बॅकअपच्या डिस्कवर भरून निघते.

हा झाला ऑनलाइन रस्ता. गेस्ट जुना आहे, डिस्कार्ड चालतच नाही अशा वेळी ऑफलाइन. व्हीएम पूर्ण बंद करा आणि होस्टवर 'व्हर्ट-स्पार्सिफाय' इन-प्लेस ऑप्शनने चालवा. हे लिबगेस्टएफएसमधलं टूल आहे, इमेज स्वतः उघडतं, आतल्या फाइलसिस्टिम ओळखतं आणि मोकळे ब्लॉक डिस्कार्ड करतं, जादा जागा जवळजवळ लागत नाही. इन-प्लेस न लावता चालवलंत तर ते नवी कॉपी बनवतं आणि त्याला टेंपमध्ये डिस्कच्या व्हर्च्युअल साइझएवढीसुद्धा जागा लागू शकते, म्हणजे तुमच्याकडे २००. चालू व्हीएमच्या इमेजवर हे टूल कधीही, कुठल्याही कारणाने चालवायचं नाही, दोन जण एकाच फाइलसिस्टिमवर एकदम लिहिणार म्हणजे डेटा गेलाच. विंडोज गेस्ट असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून खरं शटडाउन करा, कारण साध्या शटडाउनला विंडोज अर्धं हायबरनेट होऊन झोपतं आणि एनटीएफएस अर्धवट स्थितीत राहते.

'क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट' हे तिसरं. दुसरी डिस्क असेल तर मला हे आवडतं, कारण जुनी फाइल जशीच्या तशी राहते आणि नवी एकदम नीटनेटकी बनते. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. कन्व्हर्ट फक्त शून्यं आणि कधीच न घेतलेले क्लस्टर गाळतं, डिलीट केलेल्या फाइल ओळखत नाही, म्हणून आधी ट्रिम झालेलं असायला हवं. अंतर्गत स्नॅपशॉट नव्या फाइलमध्ये येत नाहीत. आणि बॅकिंग फाइल असेल तर ती सपाट होऊन सगळं एका फाइलमध्ये येतं, कधीकधी त्यामुळे साइझ उलट वाढते. झाल्यावर 'क्यूएमू-आयएमजी कंपेअर'ने जुनी आणि नवी ताडून बघा, आयडेंटिकल आलं पाहिजे. मग जुन्या फाइलचं नाव बदला, नवी त्या नावाने ठेवा, मालकी आणि परमिशन जुन्यासारख्या करा, एसईलिनक्स असेल तर लेबल पण, आणि बूट करा. जुनी फाइल त्याच दिवशी उडवायची घाई करू नका, निदान एक पूर्ण बॅकअप नव्या फाइलवरून निघू दे. कन्व्हर्टला छोटा सी लावला की कॉम्प्रेस होतं, ते कपाटात ठेवायच्या इमेजसाठी ठीक, रोज चालणाऱ्या डेटाबेससाठी नाही.

आता शून्यं भरायचा रस्ता, ज्याबद्दल तुम्ही विचारलंत. तो मी एवढा का टाळायला सांगतोय ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी सांभाळत असलेल्या होस्टवर डझनभर व्हीएम होत्या, सगळ्या थिन, म्हणजे कागदावर दिलेली जागा खऱ्या डिस्कच्या कितीतरी पुढे. रात्री एका व्हीएममध्ये शून्यं भरायला लावली आणि झोपलो. पहाटे फोन, सगळंच बंद. होस्ट भरला होता आणि 'विर्श लिस्ट'मध्ये एकाखाली एक पॉज्ड, पॉज्ड, पॉज्ड. क्यूएमूची डीफॉल्ट वागणूक अशी आहे की होस्टवर जागा संपली तर तो गेस्टला एरर न देता व्हीएम थांबवतो, आणि हे फार चांगलं आहे, कारण अडकलेलं राइट तसंच धरून ठेवलेलं असतं, जागा केली आणि 'विर्श रिझ्यूम' मारलं की तिथून पुढे चालू. पण हे तेव्हा आमच्यातल्या एकाला माहीत नव्हतं, त्याने घाबरून डेटाबेसची व्हीएम 'विर्श डिस्ट्रॉय'ने पाडली आणि परत चालू केली. ज्यांना आम्ही आयएसओ फाइल हलवून जागा करून दिली आणि रिझ्यूम केलं त्या सगळ्या काहीच न झाल्यासारख्या उठल्या, पाडलेली एकटी मात्र दुपारपर्यंत रिकव्हरी करत बसली. तेव्हा कधी पॉज्ड दिसलं तर पाडू नका, होस्टवर थोडी जागा करा आणि रिझ्यूम करा.

शून्यं भरण्याचे बाकीचे त्रास पण आहेत. भरताना गेस्टची डिस्क काही मिनिटं खरोखर शंभर टक्के भरते आणि त्या वेळी आत चालू असलेला डेटाबेस, मेल, लॉगिंग सगळं जागा नाही म्हणून कोलमडतं. स्नॅपशॉट असेल तर सगळी शून्यं नव्या थरात लिहिली जातात. बदललेले ब्लॉक बघून चालणाऱ्या इन्क्रिमेंटल बॅकअपला वाटतं अख्खी डिस्क बदलली. तरीही कधीकधी दुसरा इलाज नसतो, तेव्हा ईएक्सटी फाइलसिस्टिमसाठी 'डीडी'पेक्षा 'झीरोफ्री' वापरा, फाइलसिस्टिम अनमाउंट किंवा रीड-ओन्ली करून. तो आधी ब्लॉक वाचतो आणि ज्यात खरंच जुना कचरा आहे त्याच ब्लॉकवर शून्यं लिहितो, न घेतलेल्या ब्लॉकला हात लावत नाही, त्यामुळे फाइल फुगत नाही. शिवाय लिबव्हर्टमध्ये डिटेक्ट झीरोजची व्हॅल्यू अनमॅप ठेवता येते, मग शून्यं आली की क्यूएमू ती लिहिण्याऐवजी डिस्कार्डच करतो. यात प्रोसेसरचा थोडा खर्च आहे, काम झालं की काढून टाका. स्वॅपवर शून्यं भरलीत तर परत 'एमकेस्वॅप' करताना जुनाच यूयूआयडी द्या, नाहीतर बूट होताना मशीन हरवलेल्या स्वॅपची वाट बघत बसतं.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवाल्यांसाठी पटकन. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीडीआय असेल तर आत शून्यं भरून मग 'व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम' ला कॉम्पॅक्ट, पण तिथे एक ब्लॉक १ एमबीचा असतो त्यामुळे विखुरलेल्या डेटावर फायदा कमी मिळतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये गेस्टमधून टूल्सचं डिस्क श्रिंक, स्नॅपशॉट असेल तर चालत नाही. ईएसएक्सआयवर व्हीएम बंद करून 'व्हीएमकेएफएसटूल्स' मोठा के, आणि व्हीएमएफएस६ वर डेटास्टोअरकडून खालच्या स्टोरेजला अनमॅप आपोआप जातं. हायपर-व्हीवर 'ऑप्टिमाइझ-व्हीएचडी' मोड फुल. विंडोज गेस्टच्या आत 'ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम' ला रीट्रिम लावलं की लिनक्सच्या एफएसट्रिमसारखंच काम होतं, आणि शून्यंच भरायची तर 'एसडिलीट' ला झेड. डब्ल्यूएसएल२ च्या व्हीएचडीएक्ससाठी आधी 'डब्ल्यूएसएल शटडाउन', मग 'डिस्कपार्ट'मध्ये व्हीडिस्क सिलेक्ट करून रीड-ओन्ली अटॅच, कॉम्पॅक्ट आणि डिटॅच.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका, ती म्हणजे डिस्कची व्हर्च्युअल साइझ कमी करणं. 'क्यूएमू-आयएमजी रिसाइझ' ला श्रिंक लावणं हे वेगळंच ऑपरेशन आहे, ते रिकामी जागा शोधत नाही, डिस्कचं शेपूट सरळ कापतं, तिथे काय आहे ते न बघता. आधी फाइलसिस्टिम छोटी, मग पार्टिशन छोटं, मग डिस्क, हाच क्रम. जीपीटीचं, म्हणजे पार्टिशनच्या तक्त्याचं, दुसरं हेडर डिस्कच्या टोकाला असतं ते पण परत लिहावं लागतं, आणि एक्सएफएस साध्या मार्गाने छोटी होतच नाही. तुम्हाला होस्टवर जागा हवीये, २०० हा आकडा कागदावर राहिला तर काही बिघडत नाही, त्याला हात लावू नका.

सगळीकडेच जागा परत घ्यायची असंही नाही. जी डिस्क मुद्दाम आधीच पूर्ण जागा घेऊन बनवलीये, वेगासाठी, ती ट्रिम केलीत तर तो फायदाच गेला. आणि महिन्याभरात परत तेवढीच भरणारी डिस्क असेल तर आज १३० जीबी सोडवून त्या दुसऱ्याला वाटून बसू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात दोघंही एकदम मागायला येतील.

तुमचं काम एकदा झालं की गेस्टमध्ये 'एफएसट्रिम डॉट टाइमर' चालू करून ठेवा, आठवड्यातून एकदा आपोआप मारतो. एफएसटॅबमध्ये डिस्कार्ड लिहून प्रत्येक डिलीटला ट्रिम करण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, रोजच्या कामावर ताण येत नाही. फक्त टाइमरचं विकली म्हणजे रविवार संपून सोमवार लागतो तेव्हाचे रात्रीचे बारा, आणि एका होस्टवर वीस व्हीएम एकाच वेळी ट्रिम मारायला लागल्या तर स्टोरेज अडकल्यासारखं होतं, तेव्हा प्रत्येकीची वेळ थोडी पुढेमागे करा, आणि डंपवाल्या तुमच्या या व्हीएमची वेळ जुने डंप उडवणाऱ्या क्रॉननंतर तासाभराने ठेवा.